तीस फेब्रुवारीचं राहिलेलं भांडण

वामन,

मरायलासुद्धा तुला जादाचा महिना सापडला. आमच्यासारखी माणसं चैत्रात, पौषात, हाती लागेल त्या साध्या महिन्यात जातात. तू अधिक ज्येष्ठात गेलास. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसावा म्हणून साधारण तीन वर्षांनी एकदा पंचांगात कोंबलेला महिना, आणि घरोघरी जावईबापूंना अनारसे खाऊ घालायचे दिवस. घाटावर गुरुजी तुझ्या पोराला समजावत होते की पुढच्या वर्षी हा महिनाच नसणार, तेव्हा वर्षश्राद्ध साध्या ज्येष्ठात करायचं. आलेली माणसं रडायची थांबून गुरुजींच्या तोंडाकडे पाहत राहिली. दोघातिघांनी तर पुढे होऊन शंकाही विचारल्या. मी मनात म्हटलं, घ्या, आडवा पडूनही यानं श्रोते जमवले.

दुःख आहे, ते मी नाकारत नाही. सुमनवहिनींसमोर मी असा रडलो की आपल्या गल्लीतल्या सगळ्या टाक्या भरल्या असत्या, आणि आपल्या नंदनवन वस्तीत पाण्याची बोंब होतीच, लोकांच्या कामी आलं असतं. पण रडणं ओसरलं की तळाशी जे उरतं ते वेगळंच असतं. माझ्या तळाशी हेवा निघाला. चांगला जुना, मुरलेला, आंब्याच्या लोणच्यासारखा. तू होतास तोवर त्यावर झाकण होतं. आता ते उडालं आहे, तेव्हा ऐक.

सुरुवात रामदासपेठेतल्या आपल्या विम्याच्या ऑफिसात झाली. तुझं टेबल आणि माझं टेबल एकाला एक लागून. तुझ्याकडे वयाचे पुरावे, माझ्याकडे मृत्यूचे दावे. साहेबांनी ही वाटणी केली तेव्हाच माझा निकाल लागला होता. तुझ्यासमोर माणसं बसायची ती जन्माच्या गोष्टी सांगत. दाखला नाही, शाळा नाही, तारीख ठाऊक नाही. एक बाई म्हणाली होती, मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली, पोरं लाकडी बैल घेऊन दारात उभी आणि मायच्या पोटात कळ आली, त्याच साली मोठ्या बापाची, म्हणजे थोरल्या काकाची, विहीर खचली. तू जुनी पंचांगं काढायचास, त्या विहिरीची चौकशी करायचास, आणि दोन-चार दिवसांनी बाईला तारीख सांगायचास. पन्नाशीच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवस मिळायचा. ती पेढे घेऊन यायची. माझ्या टेबलासमोर माणसं पदरानं डोळे पुसत बसायची, त्यांच्याकडून कोण पेढ्यांची अपेक्षा करणार? तुझे पेढे जास्त मीच खाल्ले ही गोष्ट खरी. पण जळत जळत खाल्ले, त्यामुळे अंगाला लागले नाहीत.

माझी आईसुद्धा तू सोडली नाहीस. तिला आपला जन्म एवढाच ठाऊक होता की त्या साली दोन श्रावण आले होते आणि ती दुसऱ्या श्रावणातल्या नागपंचमीची. मी तिचा एकुलता एक लेक, मला कधी सुचलं नाही की या दोन श्रावणांना धरून साल शोधता येतं. तू चहा पिता पिता विचारलंस, तिच्या भावंडांची वयं विचारलीस आणि पुढच्या आठवड्यात तारीख घेऊन दारात. म्हातारीनं आयुष्यातला पहिला केक कापला. पहिला तुकडा कोणाच्या तोंडात गेला? मी तोंड उघडून उभा होतो, वामन. तिचा हात माझ्या तोंडासमोरून वळून तुझ्याकडे गेला. तो हात मला अजून दिसतो. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी ती जशी हसली तशी मी तिला कधी हसवू शकलो नाही, सगळ्या थापा मारूनही.

तुझं काम सोपं असेल असं समजून तुझ्या सुटीत मी एकदा तुझ्या टेबलावर बसलो. दुधाचा धंदा करणारे एक मिश्राजी आले, उत्तरेकडचे. जन्म म्हणाले, सावन बदी पंचमी. मी मराठी पंचांग उघडलं, श्रावण वद्य पंचमी काढली आणि तारीख ठोकून दिली. चार दिवसांनी मिश्राजी परत.

"बाबूजी, मैं राखी से पहले पैदा हुआ था। आपने राखी के बाद पैदा कर दिया। अब बहन पूछ रही है, पहली राखी किसको बाँधी थी?"

सगळं ऑफिस हसलं. तू सुटीवरून आलास आणि टेबलावर दोन बोटं ठेवून समजावलंस: त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि त्यांच्या सावनातला काळोखाचा पंधरवडा हा आपल्याकडे आषाढातच जमा. चंद्र तोच, गाव तेच, दूध घालणारा आणि घेणारा एकाच फाटकापाशी उभे, पण एकाचा श्रावण लागलेला आणि दुसऱ्याचा नाही. मिश्राजी इतके खूश झाले की संध्याकाळी खवा पाठवला. चूक मी केली आणि खवा तुला आला. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हण.

मग आपण रिटायर झालो आणि मला वाटलं, आता मैदान माझं. रामाजीचा तर्री-पोह्याचा ठेला, सकाळी फिरून आलेली दहा-बारा माणसं, आणि बोलायला मी. तुला ठाऊक आहे, मला थाप मारताना कुणी पाहिलं तर ते फुकट भजन ऐकल्यासारखं असतं. मी त्यांना सांगितलं होतं की मार्चच्या उन्हात बर्डीच्या बाजारातून संत्री घेऊन निघालो, स्कूटरच्या डिकीत ठेवली, सिग्नल लागले, ऊन असं की हेल्मेटात भात शिजावा, आणि घरी येऊन डिकी उघडतो तर संत्रा बर्फी तयार. वड्या पाडलेल्या. वर चांदीचा वर्खही होता म्हणणार होतो. माणसं माना डोलवत होती, रामाजीचा झारा हवेत थांबला होता. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून तू, पोह्यातली मिरची बाजूला काढत, वर न बघता:

"साखर कुठून आली गा?"

बस. एवढंच. माझी बर्फी तिथंच विरघळली. माणसं माझ्यावर हसायला लागली. मी घरी गेलो, रात्रभर तडफडलो, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की सिग्नलवर मागून उसाच्या रसाचा गाडा येऊन धडकला होता. तू मान हलवलीस आणि म्हणालास, बरं, अन् मावा? तिसऱ्या दिवशी मला म्हैस आणावी लागली. आठवडाभर ती बर्फी चालली. माझी कुठलीही थाप एका दिवसावर जगली नसती, तुझ्या एका प्रश्नावर ती दुसऱ्या दिवशी चालत यायची. हे मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू शेफारला असतास.

पण माझा खरा घात तुझ्या खऱ्या गोष्टींनी केला. मी इतकी मेहनत करून खोटं रचायचो आणि तू जगातलं नुसतं खरं सांगून मला झोपवायचास. यंदाचंच घे. तू सांगितलंस की आपण दोन हजार सव्वीस म्हणून राहिलो, पण इथिओपियात अजून दोन हजार अठराच चालू आहे, आणि तिथं वर्षाला तेरा महिने. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच दिवसांचा, कधी सहाचा. रामाजीनं विचारलं, तेराव्या महिन्याचा पगार भेटते काय? सगळे तुझ्याभोवती. मी संधी साधली आणि म्हटलं, मी उद्याच तिकडे जाऊन राहिलो, उतरल्याबरोबर आठ वर्षांनी तरणा. माणसं हसली, माझ्या बाजूची झाली. तू चहा फुंकत म्हणालास:

"अन् जन्मसाल तुझं तिथं तेच राहीन काय? तेही आठ वर्षं मागं जाते. जाशीन म्हातारा, उतरशीन म्हातारा."

तुला माझी मजा पाहवली नाही, तशी मला तुझी पाहवली नाही. फिट्टंफाट.

तुझ्या घरची ती भिंत. वहिनी म्हणायच्या, घड्याळ लावायला जागा ठेवली नाही या माणसानं. आपलं शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस. त्याच्या शेजारी गुजराती पेढीवरचं संवत वीसशे ब्याऐंशी, कारण त्यांचं वर्ष दिवाळीला बदलतं, आणि मारवाडी दुकानातलं त्र्याऐंशी, कारण त्यांचं चैत्रातच बदललं. शब्बीरभाईंचं हिजरी. ऑफिसातल्या मेश्रामबाईंनी दिलेलं बुद्धवर्ष पंचवीसशे सत्तरचं, ज्याच्यासमोर उभा राहून तू मला सांगितलंस की थायलंडात हेच वर्ष पंचवीसशे एकोणसत्तर आहे, मोजणी महापरिनिर्वाणापासूनच, पण ते पहिल्या वर्षाला शून्य धरतात. एका खोलीत, एका पंख्याखाली, सगळी वर्षं एकाच वाऱ्यानं फडफडायची. मी म्हणायचो, वामन, या भिंतीला टेकून बसलं की माणूस पाच हजार वर्षांचा होतो. तू म्हणायचास, टेकू नको, खिळा निघते.

आणि या प्रत्येक कॅलेंडरामागे एक जेवण होतं. पाडव्याला तू माझ्याकडे यायचास, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं न करता खायचास आणि निघताना दारात म्हणायचास, "मुकुंदा, माझं नवीन वर्ष तुह्या घरून सुरू होते." हे वाक्य मी छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरलो. बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, व्याह्यांनाही सांगितलं.

तू गेलास त्यानंतर काही दिवसांनी हिजरी वर्ष बदललं. तुझ्याशिवायचं पहिलं नवीन वर्ष. तू गेलास चौदाशे सत्तेचाळीसमध्ये, आणि तेरवी व्हायच्या आत चौदाशे अठ्ठेचाळीस लागलं. इतवारीचे शब्बीरभाई बोहरा आहेत, त्यांची गणिताची दिनदर्शिका, चंद्र दिसायची वाट पाहत नाहीत, म्हणून त्यांचं वर्ष इतरांच्या एक-दोन दिवस आधीच येतं, हेही तुझंच. त्यांच्याकडे वर्षाच्या पहिल्या रात्री मोठा थाळ असतो, सगळे त्याच्याभोवती गोल बसतात. शब्बीरभाईंनी मला फोन केला की वामनभाई नाहीत, तर तुम्ही या. मी गेलो. तुझ्या जागेवर बसलो. आधी चिमूटभर मीठ, मग एकामागून एक पदार्थ, मी मोजायचं सोडून दिलं. इतक्यात शब्बीरभाई डोळे पुसत म्हणाले:

"वामनभाई का साल तो हमारे थाल से शुरू होता था। हर बार यही बोलके जाते थे।"

पुढचा पदार्थ आला तो मी तसाच शेजारच्याकडे सरकवला. घरी आल्यावर मी मेश्रामबाईंना सहज म्हणून फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं, बुद्धपौर्णिमेच्या खिरीवर, तेच वाक्य, तोच दारातला निरोप. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गुजराती पेढीवर काय बोलत असशील ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

मी जन्मभर थापा मारल्या, वामन, पण हे मला कधी जमलं नसतं. इतक्या घरांना एकच गोष्ट सांगायची, प्रत्येकाला पहिला मान द्यायचा, आणि त्यात खोटं एक अक्षर नाही. प्रत्येकाच्या हिशेबानं ते खरंच पहिलं होतं. तू माझ्यापेक्षा मोठा कलाकार निघालास, आणि हे मला परक्याच्या थाळावर कळलं. त्या रात्री मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर तुला मी तुझ्याच भिंतीवर खिळ्यानं टांगलं असतं. आणि तू समोर असतास तर किती बरं झालं असतं.

आता त्या शेवटच्या सकाळकडे येतो. तिच्यासाठीच तर हे लिहायला बसलो.

रामाजीच्या ठेल्यावर तू शांतपणे म्हणालास की स्वीडनमध्ये एका साली फेब्रुवारीत तीस तारीख आली होती. मी तिथल्या तिथे स्टुलावरून उठलो. इतकी वर्षं मी तुझ्या तोंडून थाप निघायची वाट पाहत होतो आणि ती निघाली. मी म्हटलं, मंडळी, ऐकलं का, वामनरावांनी आज माझं दुकान लावलं. एकोणतीस चार वर्षांनी येते हे पोरालाही ठाऊक आहे, पण तीस? माणसं पुन्हा माझ्या बाजूनं हसली. रामाजी म्हणाला, साहेब, त्या महिन्यात एक दिवस फुकटची ड्युटी झाली असंन. मी तर असा फुललो की सदऱ्याची बटणं तुटून समोरच्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर पडली.

तू भांडला नाहीस. प्लेट खाली ठेवलीस, हात धुतलेस. फोनवर पाहिलेलं तुला स्वतःलाच पटायचं नाही, छापील पाहिजे.

"उद्या दाखवतो," म्हणालास आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन बसलो होतो. जिंकलेल्या माणसाला झोप येत नाही. तू येशील, पुस्तक काढशील, मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. तुझ्याऐवजी वहिनींचा फोन आला.

तेव्हापासून मी जिंकलेला आहे. आपल्या आयुष्यातली माझी एकच जीत, आणि ती तुझ्या जाण्यानं पक्की झालेली. मी ती फार जपली, वामन. तेरवीपर्यंत मी ते खरं की खोटं पाहिलंसुद्धा नाही. सुनेच्या हातात दिवसभर फोन असतो, एक शब्द टाकला असता तर तिनं सांगितलं असतं. मी मुद्दाम विचारलं नाही. पाहिलं आणि तुझं खरं निघालं, तर माझ्याकडे तुझ्यासोबतचं काय उरणार होतं? आणि खोटं निघालं, तर तू कोण उरणार होतास?

तेरवीच्या जेवणाला तुझी माणसं आली. मिश्राजींचा मुलगा, मेश्रामबाई, शब्बीरभाई. सगळे त्या भिंतीसमोर बसले. वहिनींनी मला हळूच विचारलं, "भाऊजी, ही कॅलेंडरं आता काढू काय?" मी म्हटलं, राहू द्या, खिळा निघते. त्या हसल्या आणि मग पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

घरी आल्यावर मी सुनेला विचारलं. तिनं दोन मिनिटं बोट फिरवलं.

"बाबा, खरं आहे."

सतराशे बारा. स्वीडनला जुनं कॅलेंडर सोडून नवीन धरायचं होतं, पण एका झटक्यात नको, म्हणून लीप वर्षातले जादाचे दिवस हळूहळू गाळत जायचं ठरलं. सतराशेमध्ये एक गाळला, पुढं गाळायचे राहूनच गेले, आणि त्यांचं कॅलेंडर ना जुन्याशी जुळेना ना नव्याशी. शेवटी वैतागून ते जुन्यावर परत आले, आणि त्यासाठी फेब्रुवारीत एकोणतीसवर आणखी एक दिवस घातला. तीस तारीख. असा गोंधळ मला मरेपर्यंत रचता आला नसता. अख्ख्या देशानं मिळून माझ्यापेक्षा मोठी थाप मारली, आणि ती तुझ्या बाजूची निघाली.

मी दुसऱ्या दिवशी ठेल्यावर गेलो. म्हटलं, मंडळी, वामनचं खरं होतं. नाही, असं म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, मंडळी, स्वीडनमध्ये फेब्रुवारीत तीस तारीख आली होती. आणि सगळा ठेला हसला. रामाजी म्हणाला, मुकुंदभाऊ, साखर कमी पडली आज. मी साल सांगितलं, कारण सांगितलं, शपथ घातली. जितकी शपथ घातली तितके जास्त हसले. जन्मात पहिल्यांदा मी निखळ खरं बोलत होतो आणि कुणाच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. शेवटी हात टेकले आणि म्हणालो, अरे, वामननं सांगितलं होतं ना.

हसणं थांबलं.

"वामनभाऊंनी सांगितलं?" रामाजी म्हणाला. "मग असंन."

एवढंच. मग असंन. मी अर्धा तास घाम गाळला आणि तू नुसत्या नावानं जिंकलास. माझ्या पोटात असं पेटलं की रामाजीची झणझणीत तर्री थंड वाटली. आणि पेटलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. मी म्हटलं, वामन आणखी एक सांगायचा. एक देश आहे, तिथं मित्र गेला की मागे राहिलेल्याला एक जादा महिना मिळतो. त्याला नाव नाही, कुठल्या सालात त्याची गणती नाही, कुठल्या कॅलेंडरावर तो छापत नाहीत. आपल्या धोंड्याच्या महिन्यासारखाच, पण एका माणसापुरता. त्या महिन्यात दोघांनी बसायचं आणि राहिलेली भांडणं संपवायची.

मी थांबलो. एकजण म्हणाला, चांगली पद्धत आहे. रामाजीनं देशाचं नाव विचारलं, मी म्हटलं ते वामनलाच ठाऊक, आणि त्यानं मान डोलावून पुढच्या प्लेटवर शेव टाकली. सगळ्यांनी ते तुझ्या नावावर घेऊन टाकलं. माझी आजवरची सगळ्यात मोठी थाप, आणि तीही तुझी झाली.

कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं. मी त्या थापेत एक भोक ठेवलं होतं, मुद्दाम, तुझ्या प्रश्नाच्या मापाचं. मित्र गेल्यावर मिळणारा महिना, तर मग भांडायला समोर बसते कोण गा?

प्लेट हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. कोणीच विचारलं नाही.